गोस्सेची तिसरी रेघ

आमच्या शोरूममध्ये गाडी बघायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारायचा तो रंगाचा, नाहीतर हॉर्सपॉवरचा. रंगाचं उत्तर मी द्यायची, कारण रंगांचे नमुने माझ्या काउंटरवर असायचे. हॉर्सपॉवरचं विचारलं की मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायची आणि कॉफीचं मशीन सुरू करायची. आता आमचा सेल्समन गोस्से हाइत्स्मा कोरा कागद काढणार, पेन्सिलीला टोक करणार आणि बिचाऱ्या गिऱ्हाइकाला दोन रेघा समजावून सांगणार, हे ठरलेलं असायचं.

कंपनीने छापून पाठवलेले गुळगुळीत तक्ते त्याच्या खणात तसेच पडून असत. त्याला हाताने काढायला आवडायचं. खाली आडवी इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांची पट्टी, आणि तिच्यावर चढत जाणाऱ्या दोन रेघा, एक टॉर्कची आणि एक पॉवरची. "हे बघा," तो म्हणायचा, "नाव काठाच्या चिखलात रुतलीय. तिला ढकलून पाण्यात घालायला जो जोर लागतो तो टॉर्क. पाण्यात गेल्यावर तिला किती झपाट्याने पुढे न्याल ती पॉवर. आता सांगा, तुमचं घोडं अडतं कुठे? काठाला की पाण्यात?" आमच्या भागात दर दुसऱ्या घरामागे कालव्यात नाव बांधलेली असते, त्यामुळे गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "काठाला." मग गोस्से खूश. "तर मग हॉर्सपॉवर किती हे विचारू नका. जोर किती, आणि तो कितव्या फेरीला हाताशी येतो, ते विचारा."

मला वाटायचं, हा गाडी विकतोय की शाळेचा तास घेतोय! मालकांनाही वाटायचं. "गोस्से," ते म्हणायचे, "त्या माणसाला लाल गाडी हवी होती. लाल गाडी दे आणि मोकळा हो." गोस्से मान डोलवायचा आणि पुढच्या माणसासाठी पुन्हा पेन्सिलीला टोक करायचा. मग मालकही हात टेकायचे, कारण गोस्सेकडून गाडी नेलेला माणूस पुढची गाडीही गोस्सेकडूनच न्यायचा.

त्याचं कारण होतं कॅरॅव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर. हॉलंडच्या उत्तरेतला आमचा फ्रीसलँड सपाट आहे, ताटासारखा. उन्हाळ्याची सुट्टी लागली की अर्धं गाव गाडीमागे कॅरॅव्हॅन अडकवतं आणि डोंगर बघायला दक्षिणेकडे निघतं. तेही हात हलवत नाही. घरचे बटाटे, घरची कॉफी, घरचं लोणी, घरचं पाणीसुद्धा! परक्या मुलखात बटाटे नीट शिजत नाहीत असं आमच्या लोकांचं ठाम मत आहे. एवढं बिऱ्हाड घाटात चढवायचं म्हणजे गाडीत जोर हवा. तो कुठल्या गाडीत आहे हे गोस्सेला विचारायचं, असा रिवाजच पडला होता. मग डोंगरातून त्याला पोस्टकार्डं यायची. मागे बर्फाची शिखरं, आणि लिहिलेलं काय, तर 'गाडीने ओढलं.' आमची माणसं शब्दही जपून खर्च करतात. ती सगळी कार्डं गोस्सेने खुर्चीमागच्या भिंतीवर लावली होती.

आणि हा माणूस स्वतः कधी डोंगरात गेला नव्हता. त्याची बायको बाउक्ये हिची मूत्रपिंडं तरुणपणीच गेली. आठवड्यातून तीनदा शहरातल्या दवाखान्यात मशीनला लागायचं. अशा माणसाने सुट्टीवर जायचं कुठे आणि कसं! गोस्सेच तिला ने-आण करायचा. दवाखान्यातून परत येताना त्याचं काही काम राहिलेलं असलं तर ती शोरूममध्ये थांबायची, माझ्याकडचं एक बिस्कीट खायची आणि त्या भिंतीसमोर जाऊन उभी राहायची.

"नीन्के," ती मला म्हणायची, "या माणसाने सगळ्या गावाला तिथे पोचवलं, आणि मला बघ, समुद्राच्या बांधावर मेंढ्या दाखवायला नेतो."

"मेंढ्या काय वाईट आहेत?" गोस्से आतून ओरडायचा.

"वाईट नाहीत रे. पण त्या मला ओळखायला लागल्यात आता."

आम्ही तिघंही हसायचो. एका फेब्रुवारीत, कालवे गोठलेले असताना, बाउक्ये गेली. आठवड्याने गोस्से कामावर आला आणि त्याने पेन्सिलीला टोक केलं. मी कॉफीबरोबर त्याला संत्र्याच्या केकचा तुकडा दिला, तो त्याने खाल्ला. आमच्याकडे सांत्वन एवढंच करतात. पण मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी मागच्या खोलीत जाऊन सुट्या भागांची खोकी उगाच इकडची तिकडे करत बसले.

त्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात दूके बौमा आणि त्याची बायको हिल्त्ये शोरूममध्ये आले.

दूके म्हणजे दुधाच्या टँकरवरचा माणूस. आयुष्यभर शेताशेतावरून दूध गोळा करत हिंडलेला. अरुंद वाटेवर तो टँकर असा वळवायचा की बघणाऱ्याने टोपी काढावी. मागच्या शरदात त्याला झटका आला आणि डावा हात, डावा पाय लुळा पडला. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. हृदयही थकलं होतं. पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा धरू नका, असं डॉक्टरांनी हिल्त्येला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं. ते गावात सगळ्यांना माहीत होतं, दूकेलाही माहीत होतं, आणि कुणीच कुणाजवळ बोलत नव्हतं.

ही दोघं दरवर्षी स्वित्झर्लंडमध्ये एका खिंडीतल्या कॅरॅव्हॅनच्या तळावर जायची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून, कधी चुकली नाहीत. दूकेला एकदा अजून तिथे जायचं होतं, आणि स्वतःच्या कॅरॅव्हॅनमधूनच जायचं होतं. हिल्त्येला त्याला तिथे न्यायचं होतं. पण तिने कॅरॅव्हॅन लावलेली गाडी जन्मात चालवली नव्हती. आमच्याकडे ते काम नवऱ्याचं. बायको नकाशा बघणार, सँडविच करणार आणि मागे घेताना बाहेर उभी राहून हात हलवणार. त्यातून त्यांची जुनी डिझेल गाडी भंगारात गेलेली आणि आमच्या कंपनीने डिझेल गाड्या बनवायचं बंद केलेलं.

दूके गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. हिल्त्ये बाजूच्या स्टुलावर, मांडीवर पर्स धरून.

"गोस्से, फार लांबण लावू नकोस," दूके म्हणाला. "सगळ्यात जास्त घोडे कशात आहेत ते सांग."

"चालवणार कोण?" गोस्सेने विचारलं.

दूके खिडकीबाहेर बघायला लागला. "ती," तो म्हणाला.

गोस्सेने कागद उचलला आणि हिल्त्येच्या समोर ठेवला. मग तिला समजावून सांगायला लागला. बिचारी आधी इकडेतिकडे बघत होती, आपल्याशीच बोलतोय ना म्हणून.

पेट्रोलची तीन इंजिनं होती. लहान इंजिन तीन सिलेंडरचं, टर्बो लावलेलं, एकशे पंधरा घोड्यांचं. गावात फिरायला छान, पण कॅरॅव्हॅनपुढे चिमुकलं. मधलं दीड लिटरचं, त्यालाही टर्बो. घोडे दीडशे, पण टॉर्क अडीचशे, आणि तो दीड हजार फेऱ्यांनाच हाताशी. मोठं दोन लिटरचं, टर्बो नाही, घोडे सगळ्यांत जास्त, एकशे पासष्ट. पण टॉर्क दोनशे तेरा, आणि तोही चार हजार फेऱ्यांपर्यंत चढल्यावर.

"म्हणजे मोठ्याला घोडे जास्त, पण ते उशिरा उठतात," हिल्त्ये म्हणाली.

गोस्सेचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत एवढं पटकन कुणी समजून घेतलं नव्हतं. "अगदी बरोबर. आणि मधलं पहाटेच उठून तयार."

"मग मधलं घ्या," मी काउंटरवरून म्हटलं. मला सगळ्यात तोंड घालायची खोड आहे.

पण चालवून बघितल्यावर पंचाईत झाली. मधल्या इंजिनाची गाडी चौकात क्षणभर थांबायची आणि मग एकदम उसळी घ्यायची. टर्बोचं तसंच असतं, सवयीने कळतं. पण हिल्त्ये परत आली ती पांढरीफटक. "गोस्से, हिच्या मनात काय आहे तेच कळत नाही हो," ती म्हणाली. मग मोठ्या इंजिनाची गाडी घेऊन गेली आणि आली ती शांत चेहऱ्याने. "ही सांगून करते," ती म्हणाली.

आता प्रश्न चढाचा. आमच्याकडे चढ आणायचा कुठून? एकच जागा, समुद्राचा बांध. मेंढपाळाच्या गाड्या वर न्यायला तिथे एक डांबरी उतार केलेला आहे. पुढच्या शनिवारी बौमांची कॅरॅव्हॅन लावून आम्ही सगळे तिथे गेलो. मी थर्मास घेऊन गेले होते, शोरूम मालकांच्या गळ्यात टाकून. हिल्त्येने उताराच्या मध्यावर गाडी थांबवायची आणि पुन्हा सुरू करून वर न्यायची, एवढंच काम. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा मागे सरकली. दूके आत बसून टँकरवाल्याच्या आवाजात ओरडत होता. "क्लच! क्लच गं! अगं, क्लच म्हणजे डावीकडचं!"

"इतकी वर्षं गाडी चालवतेय मी, क्लच माहीत आहे मला!" हिल्त्येही ओरडली.

गोस्सेने दार उघडलं. "दूके, तू खाली उतर आणि मेंढ्या मोज."

"मेंढ्या कशाला?"

"कमी भरल्या तर मेंढपाळ आपल्यावर आळ घेईल. उतर."

दूके कुरकुरत उतरला आणि माझ्याजवळ येऊन काठीवर रेलून उभा राहिला. तिसऱ्या वेळी हिल्त्येने गाडी अशी अलगद वर नेली की मेंढ्यांनी मानही वर केली नाही. बांधाच्या माथ्यावर ती खाली उतरली. समोर समुद्र, केस वाऱ्यावर, आणि ती चक्क हसत होती. दूके तिच्याकडे बघत होता. मग नाक शिंकरून म्हणाला, "वारा फार आहे इथे."

गोस्से हिल्त्येला म्हणाला, "ही गाडी तुम्हाला वर नेईल."

मी चमकले. गोस्से कधी शब्द द्यायचा नाही. तो रेघा काढून द्यायचा, ठरवायचं ते गिऱ्हाइकाने. परत येताना मी त्याला टोकलं. "अरे, कागदावर तर मधलं इंजिन सरस होतं ना?"

"कागदावर सरस आहे. पण तिच्या हाताची थरथर कागदावर दिसत नाही." जरा वेळाने म्हणाला, "मी हिशेब केलाय, नीन्के. घाटाचा चढ धरला, कॅरॅव्हॅनचं वजन धरलं. थोडक्यात का होईना, पण पुरतं."

जुलैत ती दोघं निघाली. तीन दिवसांचा रस्ता, हिल्त्ये सावकाश नेणार होती. चौथ्या दिवशी सकाळी शोरूममध्ये शाळेतले एक शिक्षक बसले होते. त्यांना लाल गाडी हवी होती आणि गोस्से त्यांना काठावरच्या नावेपर्यंत घेऊन आला होता, तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे हिल्त्ये होती. मागे कर्कश्श भोंगे वाजत होते.

"नीन्के, गोस्से आहे का? लवकर दे. आम्ही घाटात अडकलोय."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि गोस्सेच्या टेबलावर ठेवला. वळणावर समोरून बस आली म्हणून हिल्त्ये थांबली होती. बस गेली, आणि आता गाडी जागची हलत नव्हती. चार वेळा बंद पडली होती. क्लचचा जळका वास येत होता. मागे गाड्यांची रांग लागली होती.

"हँडब्रेक ओढलाय? चाकामागे लाकडाची पाचर लावली?"

"लावली. दूकेने लावली." आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "गोस्से, तो म्हणतोय परत फिरूया. तो माझ्याकडे बघत नाहीये हो. मी काय करू ते सांगा."

"बांधावर केलं तसंच केलंत ना?"

"अगदी तसंच. पण हिच्यात जीवच नाही. घरी होती ती ही गाडी नव्हेच."

गोस्से पेन्सिल फिरवत होता. ती एकदम थांबली. "हिल्त्ये, तुम्ही किती उंचीवर आहात?"

ती दूकेला काहीतरी म्हणाली. मग दूकेचा आवाज आला, "मघाशी पाटी गेली. दोन हजार मीटरला थोडं कमी."

गोस्सेने डोळे मिटून घेतले. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मी बघितला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "हिल्त्ये, ऐकताय ना? तुमचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. मी सगळा हिशेब समुद्रकाठच्या हवेवर केला."

वर हवा विरळ होते. टर्बो लावलेल्या इंजिनाला फारसं बिघडत नाही, टर्बो हवा दाबून आत कोंबतो. बिनटर्बोचं इंजिन तुमच्याआमच्यासारखं, वर गेलं की धापा टाकतं. तेवढ्या उंचीवर पाचातला एक भाग जोर गेलेला असतो. गाडीबरोबरच्या जाड पुस्तकात ते बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं. पण गोस्सेने आजवर घाटात पाठवलेल्या सगळ्या गाड्या डिझेलच्या, झाडून सगळ्यांना टर्बो. त्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. आणि आमच्या चर्चचा उंबरठासुद्धा समुद्राच्या पातळीखाली आहे. इथल्या माणसाला हवासुद्धा कमी पडू शकते हे सुचावं तरी कसं? मी हे सगळं आता त्याची बाजू घेऊन सांगतेय. तो स्वतः एक सबब बोलला नाही.

शिक्षकांच्या कागदावर दोन रेघा काढलेल्या होत्याच. त्या मोठ्या इंजिनाच्याच होत्या. गोस्सेने टॉर्कच्या रेघेखाली तिसरी रेघ ओढली, विरळ हवेतल्या जोराची, तिच्यासारखीच पण खाली दबलेली. त्या दिवसापासून तो प्रत्येक कागदावर ती काढत आला. पट्टी लावून तो काहीतरी पुटपुटला, पुन्हा लावली.

"कॅरॅव्हॅनमध्ये काय काय आहे?" त्याने विचारलं.

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे काय, एकेक सांगा."

हिल्त्येने सांगितलं. बटाट्यांची गोणी. पाण्याची टाकी, काठोकाठ. कॉफी, डबे, दूकेचा जुना तंबू, त्याच्या लोखंडी दांड्यांसकट. मी तोंडावर हात ठेवला. लिहून देते, जगात दुसरे कुठले लोक घरचं पाणी घेऊन बर्फाच्या डोंगराकडे जात नसतील!

"पाणी सोडून द्या," गोस्से म्हणाला. "बटाटे काढा. तंबू काढा."

"बटाटे?" दूकेचा आवाज. "ते आपल्या मातीतले आहेत."

"दूके, तू बटाटे वर न्यायला निघालायस की बायकोबरोबर जायला?"

मग दार उघडल्याचा आवाज. हिल्त्येला मागच्या लोकांकडे मदत मागायची म्हणजे जिवावर आलं होतं. आमच्यात मदत मागत नाहीत, लोकांनी ओळखून करायची असते. पण परक्या मुलखातल्या लोकांना हे कोण सांगणार! शेवटी तीच गेली. मागच्या गाडीतल्या दोन जर्मन बायांनी तंबू आपल्या गाडीत घेतला. डबे एका मोठ्या गाडीत गेले. बटाटे म्हणे रांगेत वाटून टाकले. भोंगे बंद झाले होते आणि कुणीतरी हसत होतं. पाणी वाहून जात असल्याचा आवाज आम्हाला इथे ऐकू येत होता.

"मीही उतरतो," दूके म्हणाला. "माझं वजन बटाट्यांहून जास्त आहे. मी कडेला थांबतो, तू वर जाऊन कुणालातरी पाठव."

"बस गप," हिल्त्ये म्हणाली. "तुला न्यायलाच आलेय मी. तुला इथे ठेवून वर जाऊन काय करू? कोणाला दाखवू डोंगर?"

गोस्सेने मान खाली घातली. शिक्षक जागेवरून उठून माझ्याजवळ येऊन उभे राहिले होते. माझ्या हातातला कप तसाच होता.

"हिल्त्ये," गोस्से हळू म्हणाला. "आता नीट ऐका. तुम्ही कितव्या फेरीला क्लच सोडता?"

"दोन हजाराला. घरी सोडते तसा."

"तिथे जोर नाहीये. कागदावर बघतोय मी, दोन हजाराला काहीच नाही. चार हजाराला आहे. काटा चार हजारावर न्या, तिथेच धरा आणि मग क्लच हळूहळू सोडा."

"चार हजार!" ती घाबरली. आमच्याकडे इंजिनाचा एवढा आवाज काढणारा माणूस एकतर दारू प्यालेला असतो नाहीतर पोरवयाचा. इंजिन जरा गुरगुरलं की गिअर बदलायचा, पेट्रोल वाचवायचं, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, हे बाळकडूच असतं. "फुटेल हो ते!"

"फुटत नाही. ते त्याच कामासाठी केलंय. ओरडेल. खूप ओरडेल. तुमचा पाय आपोआप वर यायला बघेल. येऊ देऊ नका. आज त्याला ओरडू द्या, हिल्त्ये. कुणी काही म्हणणार नाही."

"लोक बघतायत."

"बघू देत."

तिने गाडी सुरू केली. फोन बहुतेक दूकेच्या हातात होता. इंजिनाचा आवाज चढायला लागला. आधी गुरगुर, मग घरघर, मग असा आवाज की शिक्षकांनी कान झाकले. आमच्या काचेच्या शोरूममध्ये त्या डोंगरातल्या इंजिनाचा आवाज भरून राहिला. गोस्से दोन्ही हात टेबलावर ठेवून वाकला होता आणि ओठांनी पुटपुटत होता, "धरा, धरा, आता सोडा, हळू, हळू."

आवाज एकदम खाली बसला. गेली, पुन्हा बंद पडली, असंच वाटलं. पण ती बंद पडली नव्हती, ती चालली होती. आवाज पुन्हा चढला, आणि मागे माणसांचा ओरडा, आणि टाळ्या. दूके ओरडत होता, पण क्लच नाही, दुसरंच काहीतरी. मला कळायला जरा वेळ लागला. तो नुसतं तिचं नाव घेत होता.

मग बोगदा आला असावा, फोन तुटला.

आम्ही तिघं तसेच थांबलो. मालक आतून आले, काय झालं म्हणाले, मी त्यांना फोनकडे बोट दाखवलं. गोस्से खुर्चीत बसून ती तिसरी रेघ पुन्हापुन्हा गिरवत होता. मी नवी कॉफी केली. ती कुणी प्यायली नाही. शिक्षकांना मी म्हटलं, हवं तर नंतर या. ते म्हणाले, "छे, मी आता कसला जातोय!"

बऱ्याच वेळाने फोन आला. या वेळी थेट दूकेच बोलत होता.

"पोचलो."

"हिल्त्ये?" गोस्सेने विचारलं.

"त्या जर्मन बायांना मिठ्या मारतेय. तंबू घेऊन आल्या त्या. ही बाई आयुष्यात कुणाला मिठी मारणाऱ्यातली नव्हे, तुला माहीत आहे."

"दूके, रागावला असशील."

"कशाबद्दल?"

"मी चुकीचं इंजिन दिलं. ते मधलं द्यायला हवं होतं."

फोनमध्ये वारा घोंघावत होता. मग दूके बोलायला लागला, आणि मला खोटं वाटेल इतकं बोलला.

"गोस्से, या घाटाने मी इतकी वर्षं आलो. मला झोपेतून उठवून विचार, प्रत्येक वळण सांगेन. डांबर कुठे उखडलंय, कठडा कुठे बारीक आहे, पुढच्या गाडीचा मागचा दिवा. हिल्त्ये दरवर्षी म्हणायची, अरे बघ की जरा, काय दिसतंय बघ. मी म्हणायचो, मला रस्ता बघू दे, नाहीतर दोघंही दरीत जाऊ. आज मी बाजूला बसलो." तो थांबला. "गोस्से, मी आज पहिल्यांदा डोंगर बघितला."

गोस्सेच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही. "कसा आहे?" त्याने विचारलं. "मला सांग. मी कधी बघितलेला नाही."

"ते मला कुठे सांगता येतंय. मी टँकरवाला."

"तरी सांग."

आणि दूके सांगायला लागला. शेवाळासारखं हिरवं खाली, मग नुसता दगड, मग बर्फ, आणि बर्फही पांढरं नसतं रे, निळसर असतं. पाणी कुठून तरी उंचावरून पडत होतं, त्याचा आवाज आधी येतो आणि ते नंतर दिसतं. एका वळणावर खाली सगळा रस्ता दिसतो, आपण आलो तो, आणि त्यावरून आपण आलो असं वाटत नाही. तो अडखळत होता, शब्द सापडत नव्हते, पुन्हा सांगत होता. गोस्से डोळे मिटून ऐकत होता. एकदाही त्याने इंजिनाचं विचारलं नाही.

शेवटी दूकेला धाप लागली. "बास. उरलेलं हिल्त्येकडून ऐक."

"परत कसे येणार?" गोस्सेने विचारलं. "इकडून ड्रायव्हर पाठवायची सोय होते. मी बघतो. किंवा खालच्या बोगद्यातून जाणाऱ्या आगगाडीवर गाडी चढवता येते."

"नको. याच रस्त्याने येणार, आणि तीच चालवणार." दूकेने जरा श्वास घेतला. "येताना मी या अंगाला बसलो होतो ना, एकच बाजू दिसली. मला उतरताना दुसरी बाजू बघायची आहे. तेवढं आयुष्य आहे माझ्यात."

"मग सावकाश या," गोस्से म्हणाला.